एका पानात बसवा

चार जण चहाला जमलो की आमच्या मुरबाडच्या ऑफिसातले रिपोर्टचे किस्से निघतातच. एकाचा संपतो न संपतो तोच दुसऱ्याला आठवतो. दोन हजार सालाच्या आसपास आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि उन्हाळ्यात कुठल्या गावाला पाण्याचा टँकर हवा, याचा तक्ता एक्सेलमध्ये व्हायला लागला. टायपिंग नंदाताईंकडे, पत्रव्यवहार माझ्याकडे आणि हुकूम साहेबांकडे. हुकूम कायम एकच, "ठाण्याला पाठवायचंय, एका पानात बसवा."

नंदाताईंनी बसवलं. अक्षर मुंगीएवढं झालं. ठाण्याच्या मीटिंगमध्ये साहेबांना शेजारच्याचा चष्मा मागून घ्यावा लागला. परत आले आणि म्हणाले, "अक्षर मोठं करा. पान मात्र एकच."

*

अक्षर मोठं केलं तर रकाने अपुरे पडले. लोकसंख्येच्या जागी आकड्यांऐवजी नुसत्या #### अशा जाळ्या छापून आल्या. घाईघाईत तोच कागद शहापूरच्या ऑफिसला माहितीसाठी गेला.

तिथल्या क्लार्कचा फोन आला, "काय हो, तुमच्याकडे लोकसंख्या गुप्त ठेवतात का?"

*

मग रंगांचं खूळ. टँकर हवा ते गाव लाल, नको ते हिरवं. स्क्रीनवर नुसती दिवाळी! पण प्रिंटर काळा-पांढरा. साहेब कागद खिडकीत धरून उन्हात लाल शोधत बसले.

"यात लाल कुठलं?"

"जरा जास्त करडं आहे ते," मी म्हणालो. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरं वाटलं.

*

एकदा साहेबांनी स्वतःच माउस हातात घेतला. गावं अकारविल्हे लावायची होती. त्यांनी फक्त नावांचा रकाना निवडला. नावं हलली, नावांपुढच्या टँकरच्या नोंदी जागच्या जागी राहिल्या. कुणी तपासलं नाही आणि टँकर ऐन बाजारच्या दिवशी धसईत जाऊन उभा राहिला.

एक भाजीवाला म्हणाला, "आमी मागितलंच नाय. पन आलंय तं भाजीवर मारतो."

हे सांगताना आम्ही हसतो, पण त्या दिवशी सिद्धगडाखालच्या एका वाडीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन उन्हात बसून राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली हिराबाई एसटीने ऑफिसात आली. भांडली नाही. नंदाताईंच्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "ताय, आमची वाडी लिवलीय ना गो?"

नंदाताईंनी तिला स्क्रीनवरची ओळ दाखवली. हिराबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिने काचेला बोट लावून पाहिलं. ती गेल्यावर नंदाताई मला म्हणाल्या, "ही ओळ आता कुणी हलवून दाखवावी."

*

उन्हाळा वाढला तशा वाड्या वाढल्या आणि तक्ता दुसऱ्या पानावर गेला. साहेबांनी लगेच तोड काढली. लहान वाड्या एकत्र करून एकच ओळ करायची, 'इतर'.

"साहेब, टँकर 'इतर'ला कसा जाईल?" नंदाताईंनी विचारलं.

"ते नंतर बघू. सकाळी सही करतो, मी निघायच्या आत तयार ठेवा."

त्या खुर्चीत बसून टाइप करायला लागल्या. मला त्यांचा रागच आला. इतकं बोलून शेवटी ऐकायचंच होतं तर काय उपयोग?

साहेबांच्या दौऱ्याचा कागदही त्यांनीच टाइप केला. दुसऱ्या दिवशी साहेबांना चार-पाच वाड्यांवर विहिरींची कामं बघायला जायचं होतं. कागद जीपचे ड्रायव्हर पांडूभाऊ यांच्याकडे गेला.

सकाळी साहेब सहीसाठी पेन उघडत होते. खाली जीप चालू होती. पांडूभाऊ कागद घेऊन दारात आले.

"साहेब, इतरला धसईवरनं जायाचं का टोकावड्यावरनं?"

साहेबांनी कागद हातात घेऊन वाचला. मग नंदाताईंकडे पाहिलं.

त्या प्रिंटरमध्ये कागद भरत होत्या. दोन.