बाबांच्या बोलण्याची फाइल

माझा धाकटा भाऊ पुण्याहून तो संगणक घेऊन आला तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वर्ध्यात तेव्हा संगणक होते ते एखाद-दुसऱ्या कार्यालयात, काचेच्या दाराआड, आणि तिथं चपला बाहेर काढून जावं लागे. आमच्या पिपरीतल्या दोन खोल्या नि स्वयंपाकघर एवढ्याशा घरात तो आला तो लोखंडी ट्रंकेत, दोन चादरींत गुंडाळून. भावाच्या कंपनीनं नवी यंत्रं घेतली होती आणि जुनी मोडीत काढली होती. त्यातलं एक त्यानं बाबांसाठी मागून घेतलं.

बाबांच्या घशाचं ऑपरेशन होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. कॅन्सर होता. स्वरयंत्र काढून टाकलं आणि गळ्याला भोक पाडून त्यात श्वासासाठी नळी बसवली. आयुष्यभर त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं रोहणा गावात. आवाज असा, की विहारात पौर्णिमेला ते वंदना सांगू लागले की कुणी लाउडस्पीकर लावायचं नाव काढत नसे. ऑपरेशननंतर त्यांना पाटी दिली होती. पण उजव्या हाताला कंप सुटलेला. लिहिलेलं मला वाचता येईना, मी दोनदा चुकीचं वाचलं की ते फडक्यानं पाटी पुसून टाकत आणि भिंतीकडे तोंड करून बसत.

मी एका कार्यालयात टायपिस्ट होते. माझ्याकडे पाहूनच भावाला ते सुचलं. हात थरथरला तरी एका बोटानं बटण दाबता येतं, असं त्याचं म्हणणं होतं. ते खरंही निघालं. त्यानं चार दिवस राहून मला यंत्र शिकवलं, जाताना सहा कोऱ्या फ्लॉपी दिल्या आणि म्हणाला, "ताई, तुला काही जड नाही हे. टायपिंगच तर आहे."

जड तसं नव्हतं. पण सकाळी पाचला उठून बाबांची नळी काढून उकळत्या पाण्यात धुवायची, गळ्यावर ओलं फडकं बांधायचं, त्यांना पातळ भात भरवायचा, माझा डबा करायचा, सायकलनं वर्ध्याला जायचं, दिवसभर इतरांची पत्रं टाइप करायची आणि घरी येऊन पुन्हा तेच सगळं. त्यात आता हे यंत्र आलं. मी चाळिशीला आले होते. माझं लग्न एकदा होऊन मोडलं होतं आणि बाबांनी मला एका शब्दानं न विचारता घरी आणलं होतं. त्यामुळे कुरकुर करायला मला जागा नव्हती.

संगणकाला मराठी येत नव्हतं. बाबांना आपली भाषा इंग्रजी अक्षरांत लिहावी लागे. पहिल्या दिवशी त्यांना याचा राग आला. हजारो पोरांची बाराखडी गिरवून घेतलेला माणूस इंग्रजी अक्षरं शोधत अर्धा तास बसला आणि शेवटी पडद्यावर हिरवी ओळ उमटली. आपल्या अक्षरांत सांगायची तर ती अशी होती: "याले आपलं लिवता येत नाई, मंग हा हुशार कसा?" मी हसले. सहा महिन्यांत बाबांचा विनोद पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचेही खांदे हसण्यानं गदगदले आणि लगेच खोकला आला.

मग आमचं बोलणं सुरू झालं. रोज सकाळी ते आधी वार आणि तारीख टाकत, फळ्यावर टाकावी तशी. खाली दिवसभराचं बोलणं, मला लहानपणापासूनच्या सवयीनं बाई म्हणत. पंखा कमी कर. चहात साखर नाई टाकली काय. शेजारच्या काकूले दुपारी नको पाठवू, ते रडत बसते. मी शेजारी उभी राहून वाचायची आणि तोंडानं उत्तर द्यायची. बाबांना ऐकू उत्तम येत होतं.

सात-आठ महिने गेले आणि यंत्र मंद होऊ लागलं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बाबांनी बटण दाबलं की अक्षर जरा थांबून उमटायचं. सकाळी फाइल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत जायला दोन-दोन मिनिटं लागू लागली. आमच्याकडे विजेची लाइन कधी जाईल याचा नेम नसे, म्हणून चार ओळी झाल्या की ते जतन करायचं अशी मी सवय लावली होती. आता जतन करायला दाबलं की यंत्र घरघर करत बसे आणि तेवढा वेळ बाबा हात मांडीवर ठेवून. त्यांना काय म्हणायचं होतं ते तोवर निघून जाई. एकदा मी घाईत होते, ऑफिसला उशीर होत होता. ते लिहीत होते, अक्षरं येत नव्हती, आणि मी म्हणाले, "बाबा, संध्याकाळी सांगा." त्यांनी हात काढून घेतला.

भावाला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं की आत धूळ बसली असेल, उघडून साफ कर. मी रविवारी पेचकस घेऊन बसले. झाकण काढलं तर आत धूळ नव्हतीच, कापूस होता. हंगामात कापसाच्या जिनिंग गिरणीकडून येणारे बारीक तंतू घरभर बसत, बाबांच्या नळीतही जात, म्हणून तर गळ्यावर फडकं लागे. यंत्राच्या पंख्यावर त्याचा करडा थर जमला होता. मी रंगाच्या ब्रशनं तो काढला. फ्लॉपी जिथं आत जाते तिथलं वाचणारं टोक मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडे, म्हणून स्टॅबिलायझर आणला. दर रविवारी हे पुसणं-झाडणं माझ्या कामांत वाढलं. यंत्राचा आवाज कमी झाला. वेग होता तोच राहिला.

त्यानंतर एक दिवस पडद्यावर इंग्रजीत आलं की डिस्क भरली आहे. बाबांनी लिहिलेलं जतन होईना. मी रजा टाकली, यंत्र पुन्हा ट्रंकेत घातलं आणि पॅसेंजरनं नागपूरला नेलं. स्टेशनवर हमालानं विचारलं, बाई, यात काय दगड भरले काय.

दुरुस्ती करणारा माझ्याच वयाचा, शांत माणूस होता. त्यानं यंत्र उघडलंसुद्धा नाही. चालू केलं, फ्लॉपी घातली, थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, यात एकच फाइल आहे का?"

मी म्हणाले, हो, एकच.

"मशीन एकदम ठीक आहे," तो म्हणाला. "फाइल मोठी झाली. मशीनला एवढी एकदम पेलत नाही, म्हणून ते तुकडा तुकडा डिस्कवरून आणते. जतन करताना जुनीची एक नक्कल पण ठेवते, आता दोन्ही मावत नाहीत. जुना मजकूर उडवा. नाहीतर तोडून वेगवेगळ्या फ्लॉपीवर ठेवा. काय आहे यात, ऑफिसचं?"

मी त्याला सांगितलं. मग तुकडे कसे करायचे ते त्यानं एका कागदावर हातानं लिहून दिलं.

घरी येऊन मी बाबांना समजावलं. मी इतकी थकले होते की सोपा मार्ग आधी सांगितला. म्हणाले, जुनं खोडून टाकू. त्यात आहे तरी काय, पंखा नि चहा. बाबांनी मान हलवली. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं. ते लावलं, कोरी फ्लॉपी घातली. त्यांनी एक-एक अक्षर दाबत लिहिलं: "तुयं बोलणं हवेत जाते. मायं इथंच हाये. ते काऊन खोडतं?"

मी चिडले होते हे खरं. मला वाटलं, यांना माझा रविवार दिसत नाही. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं.

पुढच्या रविवारी मी तो कागद समोर ठेवून बसले. एका महिन्याचा मजकूर शोधायचा, सुरुवातीला आणि शेवटी खूण करायची, दुसऱ्या फ्लॉपीवर लिहायला सांगायचं आणि वाट पाहायची. एकेका महिन्याला पंधरा-वीस मिनिटं. बाबा आत झोपले होते. वाट पाहता पाहता मी वाचू लागले.

सगळं त्यांचंच बोलणं होतं. माझी उत्तरं त्यात कुठंच नव्हती, त्यामुळे ते एखाद्या एकट्या माणसानं बडबडावं तसं दिसत होतं. मला ओळखीच्या ओळी सापडत होत्या. हे म्हणाले तेव्हा मी कढी करत होते, हे त्या दिवशी भांडण झालं तेव्हाचं. मग मधेच अशा ओळी येऊ लागल्या ज्या मी कधी वाचल्याच नव्हत्या.

"बाई, आहे काय घरात?"

खाली तीच ओळ पुन्हा. त्याखाली, "पाणी पायजे होतं. राहू दे." दुसऱ्या दिवशी, "ऐकून राह्यली का?" एका संध्याकाळी चार वेळा नुसतं "बाई". त्याच्यापुढे, "भांड्याचा आवाज येऊन राह्यला, म्हंजे आहे."

मी त्यांना हाक मारायला स्टीलचा पेला आणि चमचा दिला होता. पेला वाजवणं त्यांना आवडत नसे, ते मागणाऱ्यासारखं वाटतं असं त्यांनी एकदा लिहिलं होतं आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. मग ते माझ्यासाठी लिहून ठेवत आणि मी बाहेरच्या खोलीत येईपर्यंत वाट पाहत. मी यायची तोवर पुढचं काही लिहून झालेलं असे, वरची ओळ सरकून गेलेली. आणि यंत्र वेगानं चालत होतं तेव्हाचं होतं हे. पहिल्या महिन्यापासूनचं.

मी उरलेले महिने न वाचता तोडले. नंतर बाबा उठले. मी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, टेबल हलवू. त्यांनी भुवया वर केल्या. मी कारण सांगितलं नाही. शेजारच्या काकूंना हाताशी घेतलं आणि टेबल, यंत्र, स्टॅबिलायझर सगळं स्वयंपाकघराच्या दारात आणलं, पडदा ओट्याकडे तोंड करून. आता पोळ्या लाटताना मान वळवली की हिरव्या ओळी दिसत. जाण्यायेण्याला अडचण झाली, माझा गुडघा टेबलाला रोज एकदा तरी लागे. फोडणीचा तेलकट धूर यंत्रावर बसू लागला, त्यामुळे पुसायचं काम दुप्पट झालं.

नवी फाइल वाऱ्यासारखी उघडली. बाबांनी तारीख टाकली आणि थांबले. वर काहीच नव्हतं. मग लिहिलं, "मोकळं मोकळं लागते." मी म्हटलं, सवय होईल. जुन्या फ्लॉपी दाखवल्या, वर महिने लिहिलेल्या. त्यांनी त्या मोजून उशाशी ठेवायला सांगितल्या.

त्यांनी त्यानंतर जवळजवळ वर्षभर लिहिलं. फार मोठं काही नाही. मी पोळी लाटता लाटता उत्तर द्यायची. कधी कधी उत्तर द्यायचंही जिवावर यायचं, तेव्हा नुसतं "हं" म्हणायची, आणि ते लिहीत, "हं म्हंजे काय?" दर महिन्याला मी फाइल बदलत होते, दर रविवारी झाकण उघडत होते. त्याहून जास्त मला त्या यंत्रासाठी काही करता आलं नाही.

थंडीत त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात यंत्र नेता येणार नव्हतं. तिथं ते दहा दिवस होते. एका दुपारी त्यांनी माझा हात ओढून तळव्यावर बोटानं काही काढलं. दोनदा कळलं नाही. तिसऱ्यांदा कळलं, ते "झोप" म्हणत होते, मला. मी खाटेखाली सतरंजी टाकली आणि खरंच झोपले. चार दिवसांनी ते गेले.

भाऊ पुण्याहून आला. विहारातले लोक येऊन गेले, वंदना झाली, घर पुन्हा रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं उशाशी ठेवलेल्या फ्लॉपींचा गठ्ठा पाहून विचारलं, यात काय आहे. मी म्हणाले, बाबांचं बोलणं. त्यानं स्वयंपाकघराच्या दारात बसून यंत्र लावलं. मी आत पडून राहिले होते. दुपार गेली, उन्हं कलली, तरी तो उठला नाही. मधून मधून फ्लॉपी बदलल्याचा आवाज येत होता.

शेवटी तो खोलीच्या दारात आला. डोळे लाल झाले होते.

"ताई, हे सगळं ते तुलाच म्हणत होते?"

"घरात दुसरं होतं कोण," मी म्हणाले. मला त्याला टोचायचं नव्हतं. पण खरं होतं ते तेवढंच होतं.

तो सदऱ्याच्या बाह्या वर करून मोरीवर गेला आणि सकाळपासून पडलेली भांडी घासायला बसला. त्याला ते काम येत नव्हतं, पाणी फार वाया जात होतं. मी उठून त्याला बाजूला केलं नाही.