पेढ्यांच्या खोक्याचा जोड

लातूर-उमरगा एसटीत शेजारच्या माणसाने माझ्याकडचा पेढ्यांचा खोका मागितला. पेढा हवा असेल म्हणून मी झाकण उघडलं, तर त्याने आत पाहिलंही नाही. चिकटवलेल्या कडेवरून तो अंगठ्याचं नख हळूहळू फिरवत राहिला. वय पन्नाशीपुढचं, नखांत वाळलेला गम.

"एमआयडीसीत खोक्याची मशीन चालवतो," तो म्हणाला. "घडी घालून चिकटवायची."

"नीट चिकटला हे कसं कळतं?"

"फाडून. दर गठ्ठ्यातला एक चांगला खोका फाडतो. पुठ्ठा फाटला तर माल पास. जोड उकलला तर मशीन बंद."

"चांगला खोका फाडता? मालक ओरडत नाही?"

"लई वरडतो. वरडू द्या." तो खिडकीबाहेर बघू लागला. "भूकंपात आमच्या घराचा एक दगड फुटला न्हाई बघा. समदे शाबूत. मातीचे जोड तेवढे सुटले. माय आत होती."

किल्लारीला तो उतरला. पेढा घ्यायचा राहिलाच.

घरी पेढे संपल्यावर मी तो रिकामा खोका जोडापाशी धरून जोरात ओढला. पुठ्ठा फाटला. मला केवढं बरं वाटलं!