बाथरूमची कडी

आमच्या सरावलीच्या घरातल्या बाथरूमला आतून कडी नव्हती. म्हणजे होती, पण स्क्रू निघाल्यामुळे गेले आठ महिने लोंबकळत होती. नवे स्क्रू मी दुसऱ्याच दिवशी बोईसरहून आणले होते. पेचकस घरात होताच. बाकी होता फक्त रविवार! (कारखान्यात मी मशीन दुरुस्तीच्या खात्यात होतो, याकडे कृपया दुर्लक्ष करावं.)

कडीवाचून आमचं अडलंही नाही. दारावर टॉवेल टाकलेला असला की आत माणूस आहे, असा घरात कायदाच झाला. दांडी गावाहून मासे विकायला येणारी हिरामावशीसुद्धा तो पाळायची. बायको मात्र रोज म्हणायची, "अहो, पाच मिनिटांचं काम आहे!"

"मग पाच मिनिटांच्या कामाला एवढी घाई कशाला?" मी विचारायचो. या मुद्द्याला ती लाटण्यानं उत्तर द्यायची.

वडील नसल्यामुळे धाकट्या बहिणीचं, सुमनचं लग्न जमवणं माझ्या गळ्यात होतं. दोन चांगली स्थळं मी पत्रांना 'उद्या उत्तर लिहितो' म्हणत हातची घालवली होती. तिसरं पालघरचं. मुलगा बोईसरलाच फिटर. "दादा, हे गेलं तर मी तुझं तोंड बघणार नाही," सुमननं बजावलं होतं, आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी होती.

पाहुणे अकराला येणार होते. मी अर्थातच पावणेअकराला आंघोळीला गेलो. आणि ते अर्थातच दहा मिनिटं आधी आले!

मुलाच्या वडिलांनी मागच्या दारी नळावर पाय धुतले. समोरच बाथरूमच्या दारावर स्वच्छ टॉवेल. पाहुण्यांची केवढी ही काळजी! त्यांनी तोंड पुसलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मी आत तोंडभर साबण लावून बसलेलो.

मग बाथरूमला जायला खुद्द मुलगा आला. मावशी तिथंच बायकोसाठी बोंबील निवडत बसली होती.

"आत कोणी आहे का?"

"कोन नाय! टावेल दिसतो का दारावर? नाय ना? मंग जा!"

त्यानं दार ढकललं. मी आतून दोन्ही हातांनी रेटलं. त्यानं जोर लावला. मीही लावला!

"मावशी, दार फुगलंय हो."

"खांदा लाव की! जवान हायस ना?"

ओरडावं तर पंचाईत. मुलीच्या पालकाची पहिली ओळख अशी व्हावी? पण खांद्याचा दणका बसला आणि माझी लाज मोडून पडली.

"अहो, थांबा! आत मी आहे!"

"मी कोण?"

"मुलीचा भाऊ!"

बाहेरचा जोर एकदम थांबला. मग अदबीनं आवाज आला, "नमस्कार!"

सवयीनं मीही हात जोडले. (हात जोडायला दार सोडावं लागतं!) दार चांगलं वीतभर उघडलं, आणि त्या फटीतून आम्हा मेहुण्यांची पहिली नजरानजर झाली. मावशी बोंबील टाकून पोट धरून हसत होती. "आरं देवा, ह्यो तर आतच हाय!"

त्यानं वडिलांच्या खांद्यावरून टॉवेल आणून दिला. मी कपडे घालून बाहेर आलो, तर पठ्ठ्या उकिडवा बसून कडी न्याहाळत होता.

"स्क्रू आहेत का घरात?"

"आहेत की! आठ महिने जपून ठेवलेत," बायकोनं पुडी आणून दिली. पाच मिनिटंही लागली नाहीत. टक्क करून कडी बसली. त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मला त्याचा चक्क हेवा वाटला. मी आत जाऊन दहादा कडी लावली, दहादा काढली. काम उरकल्याचा आनंद इतका गोड असतो, हे मला दुसऱ्यानं केलेल्या कामावरून कळलं.

चहाच्या वेळी बायकोनं सुमनला विचारलं, "मुलाला काही विचारायचंय?"

"नाही," ती म्हणाली, "मला सगळं कळलं. होकार आजच कळवा. ते काम दादाकडे देऊ नका."

महिन्याभरात लग्न लागलं. नवरदेवाचा कान पिळण्याचा मान मुलीच्या भावाचा; तेव्हा मी ऐटीत पुढे झालो. तेवढ्यात सुमन नवऱ्याला म्हणाली, "अहो, खरं तर दादाचाच कान कोणीतरी पिळायला हवाय!"

आणि जावईबापूंनी तेही काम तिथल्या तिथे उरकलं.