कोबोल्डची वाटी

माझी पुतणी ईशा गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रं काढते. आज ती आमच्या जेवणाच्या टेबलावर गेमसाठी कोबोल्ड नावाचा राक्षस काढत होती. खवले, शिंगं, सुळे आणि तालमीत कमावलेलं पोट. तिचं हे पहिलंच मोठं काम, संध्याकाळी साहेबांना दाखवायचं होतं.

"काका, कसा वाटतो?"

"निवडणुकीला उभा असल्यासारखा."

मग मला राहवेना. चहा तसाच ठेवून मी तिला जर्मन लोककथांतला कोबोल्ड सांगू लागलो. गुडघ्याएवढा म्हातारा, चुलीमागे राहणारा. सगळे झोपले की घर झाडतो, घोड्यांना दाणा घालतो आणि मोबदल्यात वाटीभर दूध मागतो. ते विसरलात तर भांडी आपटतो. कंटाळून घर बदललंत, तर सामानात बसून मागोमाग येतो.

"म्हणजे हा घरातलाच?" ईशाने भराभर सुळे खोडले.

भीती कुठे राहते, हे जुन्या लोकांना नीट ठाऊक होतं. आपण तिला पडक्या किल्ल्यात नेलं, वर विजा कडाडवल्या आणि तलवारीच्या टप्प्यात उभं केलं. जो मारता येतो त्याला कोण घाबरणार? ज्याची रोज मर्जी सांभाळावी लागते, त्याचा धाक खरा.

ईशाने नवं चित्र दुधाच्या वाटीच्या गोष्टीसकट पाठवलं आणि संध्याकाळी साहेबांचा फोन आला. ईशाने तो स्पीकरवर ठेवला.

"छान आहे, पण याचे सुळे कुठे गेले?"

"सर, एक दिवस त्याची वाटी भरायला विसरा. दिसतील."

 मग साहेबांनी हळूच विचारलं, "दूध गाईचं चालतं की म्हशीचं?"