दाजी भूत होते तेव्हा

जिवंतपणीच भूत होऊन गावाच्या गळ्यातला ताईत झालेला माणूस आमच्या मुलखात दाजींशिवाय दुसरा झाला नाही, आणि यापुढे कुणी होईल असंही मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कुंभार पिंपळगावात बाजारतळाच्या कडेला त्यांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचं, तासावर सायकली भाड्यानं द्यायच्या आणि गिऱ्हाइकाशी शक्यतो बोलायचं नाही, अशी त्यांची धंद्याची रीत. घरीही तसंच. जेवताना भाकरी हवी असली तरी ताटाकडं बघून खाकरायचे आणि अक्कानं ओळखून घ्यायचं. अशा या मुक्या माणसाला सत्तरच्या दशकात, वयाची चाळिशी उलटल्यावर, भूतयोनी प्राप्त झाली.

ती प्राप्त करून दिली गावच्या शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींनी. गुरुजी दरवर्षी गणपतीत एक नाटक बसवत आणि ते नाटक कधी संपतच नसे. पडक्या गढीत राहणारा वेताळ, त्याच्या तावडीत सापडलेली सगुणा नावाची पोर आणि तिला सोडवायला निघालेला मांत्रिक. दर गणपतीत त्यांच्या गोष्टीचा पुढचा भाग. गुरुजी बौद्ध घरातले, भूतबित बिलकुल मानत नसत. "लोकांनी भुताला एकदा पोटभर हसावं, एवढ्यासाठी करून राह्यलो," असं म्हणायचे. पण पहिल्या वर्षी प्रयोग रात्री झाला, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आलेली मंडळी भीतीनं परत जाईनात. सगळ्यांनी देवळात मुक्काम ठोकला. त्यांच्या चहापाण्याचा खर्च मंडळाला झेपेना, तेव्हापासून आमच्याकडची भुतं दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात येऊ लागली.

वेताळाचं काम गावच्या पाटलांकडं. त्यांचा आवाज तसा, अंगकाठी तशी, शिवाय मंडपाची कनातही त्यांच्याच घरची. दाजींना मिळाला तो वेताळाच्या मागं कंदील धरून उभा राहणारा गडी, तोही भूतच. वाक्य एकच, "जी मालक." वेताळ गडगडाट करून हसला तसं पुढं बसलेलं एक तान्हं लेकरू किंचाळून रडायला लागलं. दाजींना राहवलं नाही. ते रंगमंचाच्या कडेला वाकून हळूच म्हणाले, "रडू नको बाळा, मी बी इथं नवाच हाये." मंडप असा काही हसला की पाटलांना पुढचं वाक्य आठवेना. दुसऱ्या वर्षी गुरुजींनी या गड्याला पानभर बोलणं दिलं. सगुणाला भिववायला वेताळानं त्याला धाडलं, तर हा तिची घागर भरून देऊन परत आला. तिसऱ्या वर्षी तो मालकाला तोंडावर म्हणाला, "मालक, तेवढं सोडून काहीबी सांगा." ते वाक्य आणि त्याला पडलेली शिट्टी पुढं बाजारच्या दिवशी रताळ्यांच्या ढिगामागूनही ऐकू यायची.

मग मात्र दाजींच्या अंगात भूत राहायलाच आलं. भुताचे पाय उलटे असतात म्हणून ते श्रावणापासून चपला उलट्या घालून चालायचा सराव करत. दुकानासमोरच्या धुळीत त्यांचे ठसे बघून गिऱ्हाईक म्हणायचं, "दाजी आत्ताच बाहेर गेलते वाटतं," आणि निघून जायचं. आत दाजी हवा भरत बसलेले असायचे. महिनाभर लिंबू वर्ज्य. पिंपळाखालून जायचं टाळायचे. मी कारण विचारलं तर गंभीरपणे म्हणाले, "तिथं आमच्यातले मोठे लोक राहतेत. विचारल्याशिवाय जाणं बराबर न्हाई." सगुणाचं काम करणारा मधू शिंपी चांगला मिशीवाला, गणपतीपुरती मिशी काढायचा. पण दाजी त्याला भर बाजारात बारा महिने "पोरी" म्हणत. मधू उन्हातून टोपीशिवाय निघाला की हातातलं टायर टाकून ओरडायचे, "पोरी, डोक्यावर काही घे. ऊन लई हाये." मधू बिचारा मिशीवर हात फिरवत रुमाल बांधायचा.

या सगळ्याची झळ अक्काला बसे. आडावर बाया तिला "भुताची बायको" म्हणत, आणि उलटे पाय पांघरुणात मावतात का, असं विचारत. अक्का एकदाही नाटक बघायला गेली नाही. तिच्या घरात लेकरू नव्हतं, आणि त्याबद्दल ती दोघं कधी बोलली असतील असं मला वाटत नाही. एकदा भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "माझ्याशी सबंध दिसात दोन शब्द बोलत न्हाईत आन् त्या शिंप्याला पोरी पोरी करून राह्यलेत." मी हसलो. ती हसली नाही.

इकडं पाटलांचं बिनसलं. वेताळ आपण, आणि शिट्ट्या गड्याला. यंदा गड्याचा काय तो निकाल लावा, नाहीतर कनात मिळणार नाही, असा निरोप त्यांनी गुरुजींना धाडला. गुरुजींनी दोन दिवस विचार केला आणि त्या वर्षीच्या भागात गड्याला मुक्ती द्यायचं ठरवलं. ते ऐकलं तसे दाजी दुकान बंद करून थेट शाळेत गेले.

"गुरुजी, मेलेल्या माणसाला आणिक कसं मारता तुमी?"

"मारून न्हाई राह्यलो, दाजी. सोडवतोय. जल्मभर त्या मालकामागं कंदीलच धरायचा का त्यानं?"

दाजी जायला उठले. मग म्हणाले, "मंग बराबर हाये."

गुरुजींनी तो प्रसंग असा लिहिला होता : इतकी वर्षं या गड्याला नावच नव्हतं, सगळे नुसतं "ए" म्हणायचे. आता मांत्रिक विचारणार, या जिवाचं नाव घेणारं कुणी आहे का? सगुणा त्याला नाव देणार आणि तो सुटणार.

मी तेव्हा जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात नोकरीला होतो. सुट्टी काढून एसटीनं पिंपळगावला गेलो. बघतो तर अक्का इरकली नेसून तयार. "शेवटचंच हाये म्हनं," एवढंच ती म्हणाली आणि बायकांच्या बाजूला मागं जाऊन बसली.

प्रसंग आला. मांत्रिकानं विचारलं, "या जिवाचं नाव घेणारं कुनी हाये का?" मधूनं तोंड उघडलं, पण वाक्य बाजूलाच राहिलं. तो खरोखरच रडायला लागला. मांत्रिकानं पुन्हा विचारलं. मधूच्या तोंडून शब्द फुटेना. गुरुजी विंगेतून वाक्य सांगत होते ते सगळ्या मंडपाला ऐकू येत होतं, फक्त मधूला येत नव्हतं. तोंडाला पांढरा रंग फासलेले दाजी मधोमध एकटे उभे, हात लोंबते सोडलेले. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात बायकांतून अक्का उठली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि दाजींचं नाव घेतलं. गड्याचं नव्हे, दाजींचं, खरं. त्या काळी आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घ्यायची ती उखाण्यात, तेही कुणी अडवून धरलं तर. अक्कानं ते उखाण्याबिगर, सगळ्या गावादेखत, स्पष्ट घेतलं. मग जरा थांबून म्हणाली, "चला घरी."

दाजी "जी" म्हणाले. विंगेत न जाता समोरूनच खाली उतरले आणि तिच्या मागोमाग मंडपाबाहेर पडले. कुणी शिट्टी मारली नाही. पाटील मुकुट काढून हातात धरून उभे होते.

पुढच्या वर्षी गुरुजींची बदली झाली आणि नाटक तिथंच राहिलं. नंतर कुणी दाजींना दुसऱ्या कामासाठी विचारायला आलं की ते म्हणायचे, "माझं झालं आता." मात्र घरी ते बोलू लागले. इतके, की अक्का म्हणायची, पहिलं बरं होतं. दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अक्का आमच्याकडं जालन्यात असते. संध्याकाळी टीव्हीवर भुतांची एक मालिका लागते, ती बघायला अधूनमधून येऊन बसते. नायक-नायिकेकडं तिचं लक्ष नसतं.

"तो मागं उभा हाये ना," ती विचारते, "त्याच्या घरी कोन हाये, ते दावलं का?"

"न्हाई दावलं अजून."

"दावतील," असं म्हणून ती पाय वर घेते आणि बघत राहते.