काकांच्या लाइनची चौकशी

टेलिफोन एक्सचेंजमध्ये ब्रॉडबँड नवं नवं आलं तेव्हा लाइनी तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी स्वतःला हार्ट स्पेशालिस्ट समजू लागलो. समोर स्क्रीनवर गिऱ्हाइकाच्या लाइनची हिरवी रेघ चालायची. सरळ चालली तर नेट चालू, खाली आपटली तर तुटलं.

सगळ्यात जास्त आपटायची मिल भागातल्या एका काकांची. काका मिलमध्ये साच्यांवर कापड विणायचे. मिलला कुलूप लागलं तसं त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत कम्प्युटर मांडून इंटरनेटचं दुकान काढलं. पण नेट सारखं तुटायचं आणि गिऱ्हाइक शिव्या देत पुढच्या चौकात जायचं. त्यात उद्या बारावीचा रिझल्ट नेटवर लागणार, अख्खा मोहल्ला काकांच्या दारात येणार.

"भिया, उद्या लाइन गेली ना, तर समजा ही पण मिल बंद," काका म्हणाले.

मी इरेला पेटलो. मोडेम बदलला, खांबावरचे जोड नवे केले, एक्सचेंजमधलं पोर्टसुद्धा बदललं. दरवेळी रेघ सरळ झाली की काकांना फोन लावायचा, "आता कसं काय?" गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही, हा माझा बाणा. काका म्हणायचे, "अरे, आत्ताच तर गेली!"

शेवटी काकूंनी फोन उचलला. "भाऊ, तुमची नजरच खराब आहे हो. तुम्ही विचारलं की जाते!"

हा सरळ माझ्या विद्येचा अपमान होता. फोन होता टेबलाच्या पलीकडे, म्हणून बोलताना माझी पाठ स्क्रीनकडे असायची. काकूंना खोटं पाडायला मी पहिल्यांदाच स्क्रीनकडे तोंड करून नंबर फिरवला. तिकडे घंटी वाजली, इकडे रेघ धाडकन खाली. पुन्हा फिरवला, पुन्हा खाली. इतका वेळ लाइन तोडणारा मीच, आणि ती तुटली का हे विचारणाराही मीच!

फोन आणि नेट एकाच तारेतून येतात. दोघांना वेगळं करायला स्प्लिटर नावाची छोटी डबी लावतात, आणि घरातला प्रत्येक फोन त्या डबीनंतरच जोडावा लागतो. म्हणजे एखादा फोन डबीला चुकवून बसला होता. मी स्कूटर काढली आणि काकांच्या घरी तार चाचपत चाचपत निघालो. तार पोचली स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागच्या दुसऱ्या, पॅरलल फोनपाशी.

"हा कुठल्या गाढवाने जोडला?" मी कडाडलो.

"तुम्हीच की हो," काकू म्हणाल्या. "नेट यायच्या आधी. कचोरी खाल्लीत, वर चटणीही मागून घेतलीत."

काका हसता हसता स्टुलावरच बसले. मी गुपचूप तार कापली आणि तो फोन डबीनंतर जोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनसमोर बसलो. फोन लावायला हात शिवशिवत होता. तो मांडीखाली दाबून ठेवला. रेघ सरळ होती. तेवढ्यात माझाच फोन वाजला. पलीकडे नुसता गलका, "पास! पास!" आणि त्यावर काकांची आरोळी, "चालू आहे भिया! एकदम टनाटन!"

"काका, कुठल्या फोनवरून बोलताय?"

"स्वयंपाकघरातल्या! पुढे उभं राहायला जागा कुठाय?"

मी मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. काका ओरडत होते, आणि रेघ हलायला तयार नव्हती.