आमची बामणघळ

लग्न होऊन हेदवीला आले तेव्हा मला समुद्राचं फारसं कौतुक नव्हतं. माहेर पालीकडचं, जांभ्याच्या लाल मातीतलं. लग्नानंतर महिन्याभरात नवरा बोटीवर गेला आणि घरात मी आणि सासूबाई दोघीच उरलो. संध्याकाळी त्या मला बामणघळीवर न्यायच्या. किनाऱ्यावरच्या काळ्या दगडात पडलेली ती लांब, अरुंद चीर. लाव्हा थंड होऊन हा दगड झाला आणि समुद्राने तो लाटालाटांनी कापला, एवढं शाळेत शिकले होते. पण भरतीला कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही, ते सासूबाईंनी शिकवलं.

वर्षभराने वडील पहिल्यांदाच आमच्याकडे आले. लेक तिथे रमली का ते बघून या, असं आईने बजावून पाठवलं होतं. ते काही विचारीनात, नुसते बघत राहिले. दुपारी मीच त्यांना घळीवर घेऊन गेले, सासूबाईही आल्या. भरती नुकती लागली होती, तळाशी थोडंसं पाणी हलत होतं. वडील वाकून बघत म्हणाले, अशी भेग तर आमच्या परड्यातही सापडेल. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, जरा बसा.

पाणी चढत गेलं. वडील उठून कडेकडे निघाले, तसा मी त्यांचा हात धरला.

"तिथे नको, बाबा. इथूनच बघा."

तेवढ्यात मोठी लाट आत शिरली. पायाखाली गडगडलं आणि घळीतून पाण्याचा पांढरा लोट माडाएवढा उसळला. वडील जिथे जायला निघाले होते, ती जागा धुऊन निघाली.

वडील म्हणाले, आपल्या विहिरीला जांभ्याखाली असाच काळा दगड लागला होता, सुरुंगाशिवाय फुटेना. ह्या समुद्राने तो नुसत्या पाण्याने कापला.

"आमची घळ आहेच तशी," मी म्हणाले.

वडिलांनी वळून माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनीही.

घरी येताना वडिलांनी वाटेतच आईला फोन लावला. समुद्राच्या आवाजात ते मोठ्याने बोलत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "तिची काळजी सोड. ती इथली झाली."

आता सासूबाईंचे गुडघे दुखतात. पाहुणे आले की त्या मलाच घळ दाखवायला पाठवतात आणि परतल्यावर विचारतात, आज पाणी किती उडालं?